ताकसांडे मॅडम मागून शिकवायच्या

वर्ध्याच्या पोलीस मुख्यालयात परेडच्या मैदानाला लागून टिनाच्या छताची एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथं बँडची वाद्यं ठेवत. फौजदार कुसुम ताकसांडे त्या खोलीत वर्ग घ्यायच्या. वर्ग सुरू झाला की टेबल-खुर्ची फळ्यापाशी तशीच सोडून त्या चालत मागे जायच्या, शेवटच्या बाकाच्याही मागे भिंतीला टेकून बसायच्या आणि तिथून बोलायला लागायच्या.

जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ठाण्यांतून आलेले शिपाई-हवालदार रिकाम्या फळ्याकडे तोंड करून बसलेले. पोलिसाला पाठीमागे कुणी असलेलं सोसत नाही. थोड्या वेळात माना वळवळायला लागायच्या.

"मांगं पाहू नका. पाहून काय करता? ज्या बाईले फोन येते, तिले तरी कुठं दिसते कोन बोलून राह्यला?"

तरी एखादा वळायचाच. मग मागून फुटाणा यायचा. मॅडमच्या वर्दीच्या खिशात शिट्टीशेजारी फुटाणे असत, आणि नेम असा की वळलेल्या माणसाच्या बरोबर कानाच्या पाळीवर बसायचा. एकदा एका जाड्या हवालदाराच्या कॉलरमधून फुटाणा आत गेला. तो तास संपेपर्यंत अंग खाजवत होता आणि मॅडम मागून म्हणत होत्या, "पाहा, एक फुटाना आत गेला तं मानसाचं ध्यान कुठं राह्यते? तिच्या तं डोक्यात गेला हाय."

कागदावर वर्गाचं नाव लांबलचक होतं. दूरध्वनी, मोबाईल आणि संगणक यांच्यामार्फत होणारा छळ कसा ओळखावा, तक्रारदाराशी कसं वागावं, पुरावा कसा जपावा, वगैरे. आम्ही त्याला 'मिसकॉलचा वर्ग' म्हणायचो. मी तेव्हा हवालदार होतो. देवळीहून माझी बदली मुख्यालयात झाली आणि मॅडमनी मला मदतीला मागून घेतलं. बाकं लावायची, हजेरी घ्यायची, चहा सांगायचा. तेवढं माझं काम.

त्यांनी मलाच का मागून घेतलं हे मला माहीत होतं. निदान मला तसं वाटायचं. एका मुलीनं खरं सांगितलं होतं आणि मी ते माझ्या शब्दानं खोटं पाडलं होतं. तिच्या बापानं माझं ऐकलं, तिचं नाही. मॅडमबद्दल लिहायला बसलो की ही गोष्ट वाटेत येतेच. आजवर तिला वळसा घालता येत नव्हता, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिणंच टाळत आलो.

मॅडम मूळच्या बिनतारी विभागातल्या. कंट्रोल रूममध्ये कानाला हेडफोन लावून त्यांची वर्षं गेली. खरखरीतून माणसाचा आवाज निवडायची सवय त्यांना तिथली. पुढं खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाल्या. बोलताना मात्र आयुष्यभर 'ओव्हर' म्हणायची खोड गेली नाही. घरीही म्हणायच्या म्हणे. "भाजी आणजो, सांभार विसरू नको, ओव्हर." सांभार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. नवरा शाळामास्तर. तो बिचारा 'रॉजर' म्हणायला शिकला होता.

नव्वदच्या दशकातली, पुलगावची गोष्ट. एका शिक्षिकेच्या घरी रोज दुपारी फोन वाजायचा. उचलला की पलीकडे कुणी नाही, नुसता श्वास. ठाण्यात गेल्यावर ठाणेदार म्हणाले, "फोन काढून टाका ना बाई, कटकटच मिटली." ती बाई मॅडमची मैत्रीण. मॅडम सुटी टाकून पुलगावला गेल्या आणि फोनपाशी पाट टाकून बसल्या. फोन आला. उचलला. पलीकडे गप्प, याही गप्प. दोघांचं हे मुकं बोलणं बराच वेळ चालायचं. ती शिक्षिका सांगायची, कुसुम रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटून बसली की पूजेला बसल्यासारखी दिसायची, फक्त तोंडात फुटाणे.

तिसऱ्या खेपेला कापड गिरणीचा भोंगा झाला. रिसीव्हरमधला भोंगा आणि खिडकीतून आलेला भोंगा एकदमच. म्हणजे गडी गावातलाच. पुढच्या खेपेला पिठाच्या चक्कीची पुक-पुक ऐकू आली. मॅडम उठल्या, दळणाचा डबा घेऊन चक्कीवर गेल्या आणि शेजारच्या घराकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या घरात फोन होता. तो गृहस्थ कॉलनीतल्या गणपती मंडळाचा खजिनदार निघाला.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. पुढं मोबाईल आले, तशा तक्रारी वाढल्या, आणि वर्ग घ्यायचं काम मॅडमकडे आलं.

गंमत म्हणजे मोबाईल त्यांच्या हातात धड टिकत नसे. उलटा कानाला लावायच्या. मेसेज लिहायला बसल्या की अर्धा तास, मध्येच फोन स्वतःच्या मनानं भलता शब्द टाकायचा आणि मॅडम त्याला दम भरायच्या, "तुले विचारलं का बे? तुले विचारलं का?" जणू समोर आरोपीच आहे. हे त्यांना सलत असावं. पन्नाशीला टेकलेल्या असताना त्यांनी वर्ध्यातल्याच एका संगणक वर्गात नाव घातलं. अकरावी-बारावीच्या पोरांत खाकी वर्दीतली ही बाई चष्मा नाकावर ओढून एकेक कळ शोधत बसायची. पोरं सुरुवातीला तिला घाबरून पळायची, नंतर तिच्या खिशातले फुटाणे मागायला लागली.

त्या वर्गात शिकवायला एक मुलगी होती. तिला इथं वैशाली म्हणू. खरं नाव लिहिणार नाही. वर्गात उदाहरण देतानाही मॅडम तक्रारदाराचं नाव फळ्यावर येऊ देत नसत. कुणी लिहिलंच तर स्वतः उठून पुसायच्या. वैशाली देवळीची. वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, त्यांना साटोणे शेठ म्हणू. मुलगी रोज सकाळच्या गाडीनं वर्ध्याला यायची आणि संध्याकाळी परत. घरातून नोकरीसाठी बाहेर पडलेली ती पहिलीच. मॅडम तिला 'मास्तरीनबाई' म्हणायच्या आणि ती मॅडमना रागवायची.

"मॅडम, डिलीट दाबू नका म्हटलं ना! आधी सेव्ह करा!"

"हाव मास्तरीनबाई. चुकलं. ओव्हर."

आता अल्लीपूरची गोष्ट. तिच्यात मॅडम पुरत्या फसल्या.

पोलिसांना या छळाचं काहीच वाटत नसे. "फोनच तं येते, हात तं नाई लावला," हे आमचं ठरलेलं. त्यात या गुन्ह्याला कायद्यात तेव्हा वेगळं नावही नव्हतं. धमकीचं कलम, विनयभंगाचं कलम, जे लागेल ते ओढून लावायचं. एकानं तसं म्हटलं की मॅडम मागून म्हणायच्या, "बारसं झालं नाई म्हनून लेकरू रडतच नाई का?"

पण बोलून भागेना, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. वर्गातल्या काही जणांना न सांगता त्यांच्या मोबाईलवर आठवडाभर फोन करायचे. जेवायच्या वेळी, पहाटे, ड्यूटीवर. उचलला की गप्प. मधून मधून मेसेज: 'निळा शर्ट छान दिसते.' 'भाजी वांग्याची होती ना?' हे काम दोन महिला शिपायांना दिलं होतं आणि त्या फार मन लावून करत होत्या.

परिणाम झाला. छाती काढून चालणारे गडी चौथ्या दिवशी वर्गात आले ते डोळे तारवटून. फोन वाजला की दचकत. एकानं सिम तोडून नालीत टाकलं, एकानं मित्राशी भांडण केलं. मॅडम मागून विचारायच्या, "कसं वाटून राह्यलं? किरकोळ?"

त्यांत ढगे नावाचा शिपाई होता. तालमीतला माणूस, मानेचा पत्ता नाही. त्याच्या बायकोनं ते निळ्या शर्टाचे मेसेज वाचले. पोरगं काखेत घेतलं आणि थेट माहेरी, अल्लीपूरला निघून गेली. ढगे मुख्यालयात येऊन लहान मुलासारखा रडला.

मॅडमनी मला सोबत घेतलं आणि आम्ही अल्लीपूरला गेलो. घर बरं होतं, अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं. मॅडमनी दारातच सांगितलं की मेसेज मीच पाठवायला लावले होते, ढगेचा काही दोष नाही. ढगेची बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"तुमी? पोलीसच? अन् कायले?"

"त्याईले समजाव म्हनून, बाई. बायाईले कसा तरास होते ते."

"त्याईले समजवाले मले तरास? मी बाई नाई का?"

मॅडम सोयाबीनच्या कडेला जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "खरं हाय. हे माह्या ध्यानातच आलं नाई." ढगेच्या बायकोनं आणखी बराच वेळ त्यांना बोलून घेतलं, त्यांनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं, आणि शेवटी तिच्याच हातचा चहा बशीत ओतून प्यायल्या. त्यानंतर ती युक्ती बंद झाली. पुढच्या प्रत्येक वर्गात मात्र त्यांनी अल्लीपूरची ही फजिती स्वतःच सांगितली, काही न वगळता, ढगेच्या बायकोच्या आवाजाची नक्कल करून.

मला हे कधी जमलं नाही. म्हणून आता माझं.

मी देवळी ठाण्यात होतो तेव्हाचं. दुपारची वेळ होती. वैशाली एकटीच आली आणि तिनं मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. "काका, हे वाचा." मी वाचलं. तसली भाषा मी बाजारात, आरोपींच्या तोंडी रोज ऐकत होतो. पण ती त्या एवढ्याशा काचेत, त्या पोरीच्या अंगावरच्या ओढणीच्या रंगासकट लिहिलेली पाहिली आणि माझेच कान तापले. माझी मुलगी तिच्याच वयाची. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, साटोणे शेठ ठाण्याकडेच येऊन राहिले आहेत. बापानं हे वाचू नये एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी एकेक मेसेज पुसत गेलो.

"काका, काय करून राह्यले?"

"असली घान ठेवू नाई बाई फोनमधी. नंबर घेतला मी. पाहतो आता त्याले."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आपण चांगलं काम केलं असंच वाटत होतं. पायातला काटा काढून दिल्यासारखं.

शेठ आले, ठाणेदारांनी सगळ्यांना आत बोलावलं. ठाणेदार त्या दिवशी दुसऱ्याच कशावरून तरी तापलेले होते. "मेसेज दाखवा," म्हणाले. मेसेज नव्हते. वैशाली म्हणाली, "हवालदार काकांनी पुसले." ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही साहेब. मी पाहिला तेव्हा फोनमध्ये काही नव्हतं."

वैशालीनं बापाकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

पायऱ्या उतरताना शेठ तिला विचारत होते, "काय लपवून राह्यली तू? अं? काय होतं त्याच्यात?"

काही दिवसांनी दुसऱ्या नंबरवरून तेच सुरू झालं. या वेळी ती देवळी ठाण्यात आली नाही. वर्ध्याला आपल्या विद्यार्थिनीकडे गेली.

मॅडमनी तिला कुणावर संशय आहे हे विचारलंच नाही. त्या विचारायच्या, "त्याले काय माहीत नाई, ते सांग." ही त्यांची पद्धत, वर्गातही घोकून घ्यायच्या. त्याला ओढणीचा रंग माहीत होता, सकाळची गाडी माहीत होती. संध्याकाळी ती कधी परतते हे माहीत नव्हतं. रविवारचं काहीच माहीत नव्हतं. आणि वैशालीनं नंबर बदलला होता, तर नवा नंबर दोन दिवसांत त्याच्याकडे पोचला होता. मॅडम मला घेऊन देवळीच्या बस स्टँडवर चहा पीत बसल्या. समोर मोबाईल रिचार्जचं दुकान. सकाळी एक तरुण बसायचा, दुपारनंतर त्याचा भाऊ, रविवारी बंद. वैशाली रिचार्ज तिथंच करायची, म्हणजे नंबर त्याच्या हातात आपणहून जात होता. कंपनीकडून कॉलचा तपशील आला तेव्हा सगळं जुळलं.

पण पकडल्यावर तो पोरगा म्हणाला, "तिचं-माझं बोलनं होतं, साहेब. म्हनून तं तिनं पयले मेसेज पुसले."

माझं खोटं गावात फिरलं होतं, ते त्यानं उचललं होतं. आयतं सापडलं होतं त्याला.

शेठनी मुलीचं वर्ध्याला जाणं बंद करायचं ठरवलं. मॅडम दुकानात गेल्या. मी सोबत होतो, जावंच लागलं. गादीवर न बसता त्या उभ्यानंच बोलल्या. "शेठ, मेसेज पोलिसानं पुसले. पोरीनं नाई. चूक आमची."

"कोन्या पोलिसानं? हवालदार तं नाई म्हनते."

"वर्दीनं पुसले म्हना. माही बी वर्दीच हाय. मले बोला."

"तुमाले कसं माहीत, पोरगी खरं बोलते म्हनून?"

"अवो, थे मले रोज बोंबलून सांगते, मॅडम डिलीट दाबू नका, डिलीट दाबू नका. थे पोरगी सोता पुसन का?"

शेठना थोडं हसू आलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या फडताळातले ब्लाऊजपीस मोजल्यासारखे करत होतो.

वैशालीचं वर्ध्याला जाणं सुरू राहिलं. पण शेठ रोज सकाळी तिला स्टँडवर सोडायला यायचे आणि गाडी सुटेपर्यंत तिच्यावर डोळे ठेवून उभे राहायचे. पहारा नेमका कुणावर होता हे तिला कळत होतंच. मॅडमनी दुकानात दिलेली कबुली साहेबांपर्यंत गेली, त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. माझं नाव त्यात नव्हतं, एवढं मला न विचारताच समजलं.

दुकानातून परतताना गाडीत त्यांनी मला एकदाच विचारलं. "भोयर, तुमी पुसले का?"

"नाही मॅडम."

"बरं," म्हणाल्या, आणि मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले.

पुढं मी मुख्यालयात आलो आणि कित्येक वर्षं दर वर्गाला ती गोष्ट ऐकली. "एक हवालदार होता. चांगला मानूस. पोरीच्या बापानं घान वाचू नाई म्हनून त्यानं मेसेज पुसले. वाईट म्हनून नाई पुसले, लाजून पुसले. आपन लाजतो अन् पुरावा मरते." वर्ग हसायचा. मी दाराशी किटली घेऊन उभा असायचो, मीही हसायचो.

एकदा त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "कोनाले कोन दिसनार नाई. ज्यानं ज्यानं तक्रारदाराचा मेसेज लाजून पुसला, त्यानं हात वर करा." मी वर्गाचा विद्यार्थी नव्हतो, माझे डोळे उघडे होते. किती हात वर गेले! मिश्या पिकलेले, नवे, ढगेसारखे दांडगे. मला बरं वाटलं, मी एकटा नव्हतो. पण पुसल्यावर नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं मॅडमनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या खोलीत किती हात राहिले असते कुणास ठाऊक.

त्या मला त्या गोष्टीनं शिक्षा करत होत्या असं मी बराच काळ समजत होतो आणि मनात चिडायचो. आता तसं वाटत नाही. गोष्टीतला हवालदार त्यांनी कधी मूर्ख केला नाही की लबाड केला नाही. तो पुसतो, इथवर येऊन त्या थांबायच्या. पुढचा भाग मोकळा ठेवायच्या.

निवृत्तीच्या आधीचा त्यांचा शेवटचा वर्ग होता. घरून सांभारवडी करून आणली होती, मोठा डबा भरून. तासाच्या मध्येच वाटायला सांगितली. मी ताट घेऊन बाकांमधून फिरत होतो. गोष्ट झाली, हसणं झालं. पुढच्या बाकावर एक नवी महिला शिपाई बसली होती, आर्वीकडची. ती पुढं पाहूनच म्हणाली, "मॅडम, मंग थ्या हवालदारानं सांगतलं का पुढं? का पोरगीच खोटी राह्यली?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं त्या 'सांगितलं' म्हणतील आणि वर्ग पुढं जाईल. त्या बोलल्याच नाहीत.

मी म्हणालो, "नाही सांगितलं. पोरगी खोटी राहिली. तो हवालदार मीच."

कुणीतरी गंमत समजून हसलं. मग तेही थांबलं. टिनावर कबुतरं चालल्याचं ऐकू येत होतं.

"वड्या खाली ठेवा, भोयर," मागून आवाज आला, "ताट तिरपं होऊन राह्यलं." आणि मग, "हं. पुढं चला. ई-मेल."

वर्ग सुटल्यावर त्यांनी शाबासकी दिली नाही, रागावल्याही नाहीत. डबा पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "देवळीची गाडी किती वाजता हाय?"

देवळीत काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण शेवट मला तिथं करायचा नाही. साटोणे शेठ थकले होते, पण दुकानातच होते. दोन बाया साड्या पाहत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं: मेसेज मी पुसले, आणि ठाणेदारांपुढं खोटं बोललो. शेठ साडीची घडी घालत होते, ती पूर्ण घातली. मग म्हणाले, "मले काऊन सांगता? तिले सांगा." फोन लावून त्यांनी माझ्या हातात दिला. वैशाली लग्न होऊन पुलगावला असते, स्वतःचा संगणक वर्ग चालवते. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका, बाबा तिथंच आहेत ना? फोन स्पीकरवर टाका. आता पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. साड्या पाहणाऱ्या बायांनीही ऐकलं.

"बाबा, ऐकलं?"

"ऐकलं, माय."

"मग ठेवते. वर्ग सुरू आहे." पोरांचा गलका ऐकू येत होता.

माफीचा शब्द तोंडाशी आला होता, पण तो मला मना केलेला होता.

मना मॅडमनी केला होता, वर्ध्याच्या स्टँडवर, मी गाडीत बसल्यावर. मुलाला परीक्षेला पाठवावं तशा त्या मला सोडायला आल्या होत्या. कंडक्टरला आधी दटावलं, "याईले देवळीलेच उतरवजो, पुढं नेजो नको." मग खिडकीशी आल्या. ऊन तिरपं झालं होतं, डोळ्यांवर हात धरून त्या माझ्याकडे पाहत होत्या. "हे पाहा भोयर. तिले माफ कर म्हनू नका. तसं म्हटलं का तिच्या डोक्यावर आनखी एक काम येते. तुमी जे केलं ते सांगा, बापाच्या कानावर पडू द्या, अन् उठून या. तिचं काम नका वाढवू."

मी हो म्हणालो. आणखी काही म्हणणार होतो, पण ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे अमरावतीला गेल्या आणि पुन्हा भेट झाली नाही, तेव्हा मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अशा. माझ्याकडे त्यांचं लक्ष केव्हाच उरलं नव्हतं. त्या संत्रेवाल्याच्या टोपलीवर वाकल्या होत्या, वरची मोठी मोठी संत्री एकेक करून त्याच्या हातात परत देत होत्या, आणि तळातली वर काढ म्हणून त्याच्याशी मजेत भांडत होत्या.